तो रानपिंगळा नव्हता

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळत आलो. कुणी विचारलं नाही म्हणून नव्हे. शाळांमधून पक्ष्यांवर बोलायला बोलावत, "आपल्या जिल्ह्यात रानपिंगळा शोधून काढणारे" अशी ओळख करून देत, शाल-नारळ देत, आणि मी मान खाली घालून ते घेत असे. लोकांना तो माझा विनय वाटे. विनय कसला, वर बघायची सोय नव्हती.

आता पुरे झालं. आधी निकाल सांगतो, मग हकीकत. बालाघाटातल्या आमच्या वाशी तालुक्यातल्या एका पाणंदीच्या वळणावरच्या चिंचेत जो पक्षी होता, तो रानपिंगळा नव्हता. साधा पिंगळा होता. मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि त्याची पिल्लं ज्या माणसानं मारली असं पंचक्रोशी आजही समजते, त्या माणसानं ती मारलेली नाहीत. त्या माणसाच्या नावाला लागलेला डाग निघावा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांना माझ्याकडून शाल परत हवी असेल त्यांनी घेऊन जावी, घडी मोडलेली नाही.

नोकरीनं मी पशुधन पर्यवेक्षक. जनावरांच्या दवाखान्यात हयात गेली. डॉक्टर मी कधीच नव्हतो, पण गावोगाव मला डॉक्टरच म्हणत. गाभण तपासणं, अडलेलं वासरू सोडवणं, लसी टोचणं ही कामं करता करता मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. वस्त्यांवर मोटारसायकलवरून हिंडताना पक्ष्यांचा नाद लागला. आधी दुर्बीण घेतली, मग पुस्तकं, आणि निवृत्त झाल्यावर कॅमेरा.

ज्यांच्याबद्दल सांगायचं आहे त्यांना मी तात्या म्हणत असे. माझ्याहून थोडे मोठे. डोंगराच्या कडेला त्यांची वस्ती, गोठ्यात म्हशी, दूध खव्याच्या भट्टीला जायचं. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत काळ्या मातीची पाणंद. पावसाळ्यात तिच्यात पाय गुडघ्यापर्यंत रुते. तात्यांचा मुलगा आणि सून दुधाचे कॅन डोक्यावर घेऊन ती तुडवत, आणि भट्टीपर्यंत पोचेतो कधी कधी दूध नासलेलं असे. त्या पाणंदीच्या ऐन वळणावर ही चिंच. खोड एवढं जाड की तिच्या आडोशाला बैलगाडी उभी राहावी. मधोमध एक ढोली, आणि ढोलीत पिंगळ्यांची जोडी.

तात्यांच्या घरात त्या जोडीला मान होता. पिंगळा बोलला की वहिनी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, हातातलं काम थांबवून ऐकत. आमच्याकडे अजून पहाटे पिंगळा जोशी येतो. हातात कंदील आणि कुडमुडं, म्हणजे छोटा डमरू. पिंगळा पक्षी आपल्याला पुढचं सांगतो, असं म्हणून तो घरोघर बरं-वाईट सांगत जातो, आणि बायका त्याच्या झोळीत सुपातले जोंधळे घालतात. मी हे मानत नाही. वहिनी मानत. त्यांनी चिंचेच्या त्या ढोलीखाली कधी नातवंडांना दंगा करू दिला नाही.

मग डोंगरावर पवनचक्क्या यायला लागल्या. त्यांची पाती वाहून नेणारी गाडी एवढी लांब की साध्या वळणावर वळतच नाही. वळण सरळ करावं लागतं. कंपनीच्या माणसांनी चिंचेच्या खोडावर लाल रंगानं फुली मारली. तात्यांना आनंद झाला, आणि का होऊ नये? त्यांच्या आज्यापासून कुणाला मिळाला नव्हता तो रस्ता आयता मिळणार होता.

मी त्यांना म्हटलं, "तात्या, झाडात पिंगळ्याचं घर आहे."

ते तंबाखू मळत होते. म्हणाले, "डॉक्टर, पिंगळ्याला पंख हायत. माझ्या कॅनला न्हायत. तुमी कॅनला पंख लावा, म्या आत्ता चिंच सोडतो." आणि वर, "तुमची फटफटी या चिखलातनं किती येळा ढकललीय म्या? तवा कुटं गेल्तं तुमचं पाखरू?"

मी हसलो. 

पण चिंच मला तोडू द्यायची नव्हती. मी एका कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, कुठला पक्षी. पिंगळा म्हटल्यावर ते शेजारच्या टेबलाकडे बघून हसले. पिंगळा त्यांच्या घराच्या पत्र्यावर बसतो म्हणाले, रोज. दुर्मिळ काही असलं तर या.

दुर्मिळ काही असलं तर या. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

इथं दोन पक्षी नीट समजून घ्यावे लागतील, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. पिंगळा आणि रानपिंगळा हे भाऊबंद. दोघंही मुठीएवढ्या डोक्याची, पिवळ्या डोळ्यांची छोटी घुबडं. पिंगळा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. राखी-तपकिरी अंग, डोक्यावर, पाठीवर पांढरे ठिपके, पोटावरही तपकिरी ठिपक्यांच्या तुटक ओळी. जुन्या झाडात, पडक्या भिंतीत, गावातल्या दिव्याच्या खांबावर कुठंही राहतो, किडे आणि उंदीर खातो, आणि संध्याकाळी जोडी जमली की असा कलकलाट करते की भांडण लागलंय असं वाटावं. रानपिंगळा थोडा थोराड. डोकं जवळपास कोरं, ठिपके असलेच तर पुसट. छातीवर गडद पट्टा, पण खाली पोट पांढरंस्वच्छ. शेपटीवर आणि पंखांवर रुंद पांढरे पट्टे, पाय दणकट. दिवसाढवळ्या शिकार करतो. आवाज मऊ, तुटक. त्याला सागाचं मोकळं जंगल लागतं. सातपुड्यात, मेळघाटात, ठाण्याकडच्या रानात तो आहे. आमच्या बोडक्या बालाघाटात त्याचं काही काम नाही.

शंभर वर्षांहून जास्त काळ रानपिंगळा कुणाला दिसलाच नव्हता. संपला असंच धरून चालले होते, आणि गेल्या शतकाच्या शेवटी तो सातपुड्यात पुन्हा सापडला. त्या मधल्या काळातली एक गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. एका इंग्रज अधिकाऱ्यानं संग्रहालयातून एक जुना नमुना चोरला, त्यावर भलत्याच गावाचं नाव घातलं आणि आपलाच म्हणून मिरवला. पुढचे लोक त्या भलत्या गावाभोवती शोधत राहिले. वाचताना मी त्या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या.

जगाच्या यादीत रानपिंगळा 'संकटग्रस्त' आहे. आधी याच्याही वरच्या, अगदी नामशेष होण्याच्या काठावरच्या खान्यात होता. आणखी काही रानांत सापडला म्हणून एक पायरी खाली आला. पिंगळ्यापुढे त्याच यादीत लिहिलेलं आहे, की याची फारशी चिंता नाही. जगाचा हिशोब म्हणून ते बरोबरच आहे, मी त्याच्याशी भांडत नाही. पण यादी करणारा जगभराची संख्या बघून लिहितो, आणि आमचा साहेब तीच ओळ वाचून समोरच्या झाडावर करवत चालवतो. जगात पिंगळे पुष्कळ आहेत. त्या चिंचेत एकच जोडी होती.

तर मी त्या जोडीचे फोटो काढले. पुष्कळ काढले. त्यातला एक ऐन दुपारचा होता, उन्हानं डोक्यावरचे ठिपके पार धुऊन निघालेले, पक्षी छाती फुगवून बसलेला, पोट फांदीआड. बाकीचे सगळे फोटो मी पुसून टाकले आणि तो एक वार्ताहराला दिला. खाली काय छापायचं तेही मीच सांगितलं. नजरचूक झाली, असं नंतर म्हणता आलं असतं. तशी सोय मी स्वतःला ठेवली होती. आज ती सोय मोडतो. नजरचूक नव्हती.

बातमी आली आणि काम थांबलं. वनरक्षक आला, सोलापूर-लातूरकडून कॅमेरेवाले आले. पाणंदीत गाड्यांची रांग लागली. कुणी मोबाइलवर रानपिंगळ्याचा आवाज लावून बघे, कुणी आरसा चमकवी. पिंगळ्याची मादी ढोलीतून डोकं काढून या सगळ्यांकडे खाली-वर मान हलवत बघायची. एक कॉलेजातली मुलगी दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिली आणि हळूच मला म्हणाली, "सर, डोक्यावर ठिपके दिसतायत." मी तिला सांगितलं, कोवळा पक्षी आहे, पिसं बदलली की जातील. तिनं माझ्या पांढऱ्या केसांना मान दिला आणि दुर्बीण पिशवीत ठेवली. तिचं बरोबर होतं. ती हे वाचत असेल तर तिला कळू दे.

लोकांचा संशय मात्र वाढायला लागला. मला वाटलं, आत पिल्लं आहेत हे दाखवलं तर जात कुठलीही निघो, पिल्लं उडेपर्यंत तरी झाडाला हात लागणार नाही. एका दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना मी तात्यांच्या गोठ्यातली शिडी आणून चिंचेला लावली. ढोलीचं तोंड अरुंद. बॅटरीचा उजेड आत पोचत नव्हता. आणि मी तेच केलं जे जन्मभर करत आलो होतो. बाही वर केली, डोळे मिटले आणि हात खांद्यापर्यंत आत घातला.

गाय गाभण आहे का हे बघताना आम्ही डोळ्यांनी काही बघत नाही. सगळं बोटांना कळतं. माझ्या बोटांवर माझा फार विश्वास होता, लोकांचाही होता. ढोलीच्या तळाशी बोटांना ऊब लागली, मऊ लव लागली, हलणाऱ्या माना लागल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण गाईचं अंग हाताबरोबर सैल होतं, कुजलेलं लाकूड होत नाही. हात ओढून काढताना कोपर अडकलं, मी जोर केला, आणि ढोलीचा पुढचा काठ सगळाच्या सगळा मोडून खाली पडला. जिथं माझी मूठ मुश्किलीनं जात होती तिथं आता टोपलं मावलं असतं. मादी शिडी लावतानाच उडून गेली होती. पिल्लं उजेडात उघडी पडली होती.

मी पडलेली ढलपी उचलून परत लावायचा प्रयत्न केला. ती बसेना. मग शिडी जागेवर नेऊन ठेवली आणि घरी गेलो. कुणाला फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोली रिकामी होती. वर कावळे होते, खाली थोडी लव पडली होती. वनरक्षक, कॅमेरेवाले, गावातले लोक, सगळे जमलेले. ढलपीकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कारण बुंध्याशी फटाक्यांचे कागद पडलेले होते. तेरखेड्याच्या कारखान्यांतले फटाके आमच्या तालुक्यात शेतातच जास्त वाजतात. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं येतात, आणि त्यांना हाकलायला दुसरा उपाय नाही. तात्या चिंचेजवळच्या बांधावरून ते वाजवत. पण शिमगा जवळ आला होता. हरभरा केव्हाच काढून झाला होता. ते कागद उन्हानं आणि दवानं पांढुरके पडलेले होते. मला ते स्पष्ट दिसत होतं. शहरातून आलेल्यांना दिसत नव्हतं.

वनरक्षकानं विचारलं, फटाके कुणाचे. तात्या पुढं झाले. "माझे. डुकरासाठी."

मागून कुणीतरी म्हणालं, "डुकरासाठी का रस्त्यासाठी, तात्या?" लोक हसले. तात्या माझ्याकडे वळले.

"डॉक्टर, तुमी सांगा की यास्नी. तुमाला ठावं हाय."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "फटाके तर वाजलेत."

एवढंच म्हणालो. त्या वाक्यात एक अक्षर खोटं नाही, आणि आयुष्यात याहून मोठं खोटं मी बोललेलो नाही.

तात्यांचा जबाब घेतला. खटला वगैरे झाला नाही, पुरावाच नव्हता. पण गावाला पुरावा लागत नाही. वाशीच्या बाजारात चहाच्या टपरीवर ते आले की कुणीतरी म्हणायचंच, "काय तात्या, आज काय शिजवलंय? पिंगळं का व्हलं?" ते आधी हसत, मग शिव्या देत, मग त्यांनी बाजाराला येणं सोडलं. पुढच्या वर्षी पिंगळा जोशी आला तेव्हा त्यांच्या वस्तीवर थांबला नाही. वहिनी सुपात जोंधळे घेऊन दारात उभ्या होत्या, आणि त्याचा कंदील पाणंदीनं तसाच पुढं गेला. हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. ती म्हणाली, आत्यांनी, म्हणजे वहिनींनी, ते जोंधळे परत कणगीत टाकले नाहीत, अंगणातच ओतले.

कंपनीनं चौकशीच्या कटकटीला कंटाळून दुसऱ्या बाजूच्या उतारावरून रस्ता नेला. चिंच वाचली. पाणंद आहे तशी आहे.

आता ज्यांना मला ऐकवायचं आहे त्यांच्यासाठी. हो, ते झाड वाचवलं याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्यात पुन्हा एक जोडी राहायला आली आहे, साधी, ठिपक्यांची. उद्या परत फुली मारली तर मी परत आडवा जाईन. पण या वेळी पिंगळा आहे असंच सांगेन, आणि तात्यांच्या घराला रस्ता कुठून द्यायचा तेही त्याच तोंडानं विचारेन. तेव्हा विचारलं नाही. पवनचक्कीवाले म्हणतील, बघा, हे पक्षीवाले असेच खोटं बोलतात. म्हणू देत. खोटं मी एकट्यानं बोललो, माझ्या नावावर घाला. दुसऱ्यांच्या खऱ्या नोंदी त्यात ओढू नका.

मागच्या वर्षी जिल्ह्यातल्या पक्ष्यांची यादी नव्यानं करणाऱ्या एका तरुणाचा फोन आला. माझी नोंद पक्की करायची होती. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, आपण 'शंकास्पद' लिहू या. तुमचंही नाव राहील." भला मुलगा आहे. मी म्हटलं, शंका कसली, मी स्वतः सांगतोय. खोटी लिही. तो म्हणाला, जिल्ह्याचं नाव जाईल. जाऊ दे. सातपुड्यात त्या पक्ष्यासाठी माणसं उन्हातान्हात हिंडतात, कुठं किती उरलाय ते शोधतात. माझ्या एका फोटोपायी कुणी इथं येऊन दिवस घालवला असेल तर त्या चोर इंग्रजात आणि माझ्यात फरक काय? त्यानं स्वतःला मिरवायला केलं, मी झाडासाठी केलं, हा फरक मला झोपताना बरा वाटतो. यादीला त्याचं काही देणंघेणं नाही. आता यादीत 'खोटी' असं लिहिलेलं आहे. पुढं माझं नाव आहे.

राहिले तात्या. नंतरही त्यांच्याकडे माझं जाणं बंद झालं नाही. हेच मला सहन होत नाही. त्यांनी मला कधी दार लावलं नाही. मी ओट्यावर बसे, चहा येई, दुधाची फॅट, पेंडेचे भाव, म्हशीचा माज, सगळं बोलणं होई. घरून निघताना मी ठरवून निघे, वळणापर्यंत शब्द जुळवत येई आणि ओट्यावर टेकलो की पेंडेचा भाव विचारी. एकदा ते स्वतःच म्हणाले, "डॉक्टर, ती पाखरं कुणी मारली आसंल वो?" अगदी सहज, चारा तोडता तोडता. त्यांच्या आवाजात टोमणा होता की खरंच विचारत होते, मला कळलं नाही. मी म्हणालो, कावळ्यानं नेली असतील. त्यांनी मान हलवली. "आसंल."

गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. भेटायला गेलो तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, बार्शीच्या इस्पितळात न्यायला गाडी दारात लागलेली होती. मी खाटेजवळ बसलो. त्यांनी चांगला हात पुढं केला, मी तो धरला. मुलगा म्हणाला, डॉक्टरकाका, काहीतरी सांगा त्यांना, तुमचं ऐकतात. मी सांगितलं, तात्या, गोळ्या वेळेवर घ्या.

बार्शीहून ते परत आले नाहीत. दहाव्याला गेलो, वहिनींसमोर बसलो आणि तिथूनही उठून आलो.

म्हणायचं होतं ते एवढंच होतं. तात्या, तुमच्या फटाक्यानं एकही पाखरू मेलं नाही. ढोलीचा काठ माझ्या हातानं मोडला, आणि गाव तुमच्याकडे बघत होतं तेव्हा मी 'फटाके तर वाजलेत' एवढंच म्हणालो. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला माफ करा.